मुन्नार : हिरवे डोंगर आणि ते हिरवे ठेवणाऱ्या आयाबाया

थंड हवेचे ठिकाण म्हटले, की आपल्या वस्तीतला माणूस हसून म्हणतो, "ती साहेबलोकांची चैन. आपण बरे, आपली दीक्षाभूमी बरी, चैत्यभूमी बरी." तिथे आपण जातोच आणि जायलाच हवे. पण वर्षातून चार दिवस मुलाबाळांना घेऊन डोंगर, धबधबे पाहायचे, मोकळी हवा छातीत भरून घ्यायची, हा कष्टकरी माणसाचाही हक्क आहे. गिरणीत, गोदीत, कारखान्यात राबणाऱ्याला विश्रांतीची गरज साहेबापेक्षा जास्तच असते. म्हणून या वेळी मुन्नारची ओळख करून देत आहे.

मुन्नार केरळ राज्याच्या इडुक्की जिल्ह्यात आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे दीड हजार मीटर. मून्नु म्हणजे तीन आणि आरु म्हणजे नदी. मुथिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडला या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले गाव, म्हणून मुन्नार. आपला सह्याद्रीच दक्षिणेकडे धावत धावत इथे सर्वांत उंच होतो. जवळचे आनमुडी शिखर २,६९५ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. यावरून कल्पना यावी.

कसे जावे?

मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेच्या मार्गाने एर्नाकुळमला नेते. पनवेल, रत्नागिरीच्या मंडळींनाही ती सोयीची. मुन्नारला रेल्वे नाही. एर्नाकुळम किंवा अलुवा स्थानकाला उतरून केरळ राज्य परिवहनची लाल बस धरावी. चार-पाच तासांचा घाट आहे. वाटेत चीयप्पारा आणि वालरा हे दोन धबधबे रस्त्यालगतच दिसतात. ज्यांना बस लागते त्यांनी लिंबू, आवळासुपारी जवळ ठेवावी. मुलांसाठी स्वेटर, कानटोपी हवीच.

जून ते ऑगस्ट हे महिने टाळा. पाऊस मुसळधार असतो आणि दरडी कोसळतात. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. मोठ्या हॉटेलांकडे पाहून घाबरू नका. बसस्थानकाच्या आसपास साध्या खोल्या मिळतात. आपल्या एसटीसारख्या तिथल्या परिवहन महामंडळाने २०२० साली जुन्या बसगाड्यांत झोपण्याची स्वस्त सोय सुरू केली होती. स्थानकावर उतरल्यावर तिचीही चौकशी करावी.

काय पाहावे?

गावापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर राजमला आहे. एरविकुलम राष्ट्रीय उद्यानाचे ते प्रवेशद्वार. नीलगिरी ताहर नावाची रानबकरी इथे अगदी जवळून पाहायला मिळते. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या विणीच्या काळात उद्यान बंद ठेवतात. याच डोंगरांवर बारा वर्षांनी एकदा नीलकुरिंजी फुलते. आपल्याकडची सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी तिचीच बहीण. मागचा बहर २०१८ साली आला होता, पुढचा २०३० साली अपेक्षित आहे. आज सहावीत असलेल्या मुलाला आताच सांगून ठेवा.

मट्टुपेट्टीचे धरण आहे. तमिळनाडूच्या सीमेवर टॉप स्टेशन आहे. एकेकाळी इथून चहाच्या पेट्या दोरमार्गाने खाली उतरवत. तिथपर्यंत छोटी रेल्वेही होती. १९२४ च्या महापुरात ती वाहून गेली आणि पुन्हा बांधली गेली नाही.

नल्लतण्णीच्या मळ्यात चहाचे संग्रहालय आहे. ते चुकवू नका. सोमवारी ते बंद असते. हिरवे पान आधी सुकवतात. मग यंत्रात चिरडतात, फाडतात, गुंडाळतात. हवेत ठेवून त्याला रंग आणतात आणि भट्टीत वाळवून चाळतात. चार-साडेचार किलो हिरव्या पानांतून जेमतेम एक किलो चहा हाती येतो. आपण नाक्यावर जी कटिंग पितो, तिच्यामागे एवढे काम आहे.

आणि सगळीकडे चहाचे मळे. डोंगराला हिरवा गालिचा अंथरावा तसे. फोटो काढावा तेवढा थोडा. पण बंधू-भगिनींनो, त्या फोटोत पाठीवर ओझे घेतलेली जी बाई दिसते, ती कोण? मार्गदर्शक तेवढे सांगत नाही.

डोंगर कोणी हिरवा केला?

१८७७ साली मन्रो नावाच्या इंग्रजाने पूंजारच्या राजाकडून हे कण्णन देवन डोंगर पट्ट्याने घेतले. पुढे काही वर्षांत इथे चहा लागला. जंगल तोडायला, उतार खणायला, पाने खुडायला माणसे हवी होती. ती तमिळ मुलखातून आणली गेली. आणणाऱ्याला कंगाणी म्हणत. कंगाणी म्हणजे आपला मुकादम. तो गावात जाऊन उचल द्यायचा, माणूस कर्जात अडकायचा आणि ते कर्ज फेडायला कुटुंबासह डोंगरावर यायचा. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. आलेल्यांपैकी पुष्कळजण भूमिहीन अस्पृश्य जातींचे होते. गावात जमीन नाही, विहीर नाही, मान नाही, असा माणूसच उचल घेतो.

त्यांची नातवंडे-पतवंडे आजही या मळ्यांत आहेत. राहतात 'लयम'मध्ये. लयम म्हणजे एका रांगेत बांधलेल्या खोल्या, आपल्या चाळीसारख्या. घर कंपनीचे. नोकरी असेल तोवर घर. निवृत्त झाल्यावर घरातले कोणी मळ्यात कामाला नसेल, तर खोली सोडायची. म्हणून आई निवृत्त झाली, की शिकणाऱ्या मुलीच्या पाठीवर टोपली येण्याची भीती असते. चार पिढ्या डोंगर हिरवा ठेवला, पण त्या डोंगरावर वीतभर जागा स्वतःच्या नावाची नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४४ साली, डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली. चहा, कॉफी आणि रबर मळ्यांतील मजुरांवरचा रेगे यांचा अहवाल १९४६ साली आला. पुढे १९५१ साली मळे कामगार कायदा झाला. पिण्याचे पाणी, शौचालय, दवाखाना, पाळणाघर, मुलांचे शिक्षण आणि राहायला घर या गोष्टी मालकाची जबाबदारी ठरल्या. २०२० साली हा कायदा नव्या श्रमसंहितेत सामावण्यात आला. कायदा कागदावर आला, पण तो अमलात आणण्यासाठी माणसाला उभे राहावेच लागते. ते मुन्नारच्या बायांनी २०१५ साली दाखवून दिले.

बोनसचा हिशेब

मी हिशेबाच्या टेबलावर बसणारा माणूस, म्हणून हे जरा फोड करून सांगतो. तेव्हा लागू असलेला बोनसचा कायदा १९६५ चा. त्यात किमान बोनस ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. वर्षाची मजुरी बारा महिन्यांची. तिचा बारावा हिस्सा म्हणजेच ८.३३ टक्के. थोडक्यात, किमान बोनस म्हणजे एका महिन्याची मजुरी. मात्र तो पूर्ण मजुरीवर नव्हे, कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच्या मजुरीवर मोजतात.

आदल्या वर्षी मुन्नारमध्ये २० टक्के बोनस मिळाला होता. २०१५ साली कंपनीने १० टक्के जाहीर केला. हिशेबाला धरलेल्या दर हजार रुपयांमागे दोनशेऐवजी शंभर. तेव्हा रोजची मजुरी होती २३२ रुपये. कागदावर शंभराचा फरक लहान दिसतो. पण मुलांचे कपडे, दुकानाची उधारी, शाळेची फी त्यावरच अवलंबून असते.

सप्टेंबर २०१५ मध्ये हजारो बाया मळ्यांतून उतरल्या आणि मुन्नारच्या रस्त्यावर बसल्या. नाव घेतले 'पेम्पिलै ओरुमै', म्हणजे बायकांची एकजूट. लिसी सनी, गोमती अशा मळ्यातल्याच बाया पुढे होत्या. त्यांनी मोठमोठ्या पक्षांच्या संघटनांनाही सांगितले, तुम्ही दूर राहा. वर्षानुवर्षे वर्गणी घेणारे पुढारी मालकाशी आमच्या वतीने बोलतात आणि आम्हाला काय मिळाले ते शेवटी कळते, हा त्यांचा राग होता. रस्ता अडला, पर्यटन थांबले, सरकारला लक्ष घालावे लागले. १३ सप्टेंबरला तोडगा निघाला : ८.३३ टक्के बोनस आणि ११.६७ टक्के सानुग्रह रक्कम. बेरीज करा. बरोबर २० टक्के! कंपनीने बोनस वाढवला नाही असेही झाले आणि बायांच्या हातात पूर्ण रक्कमही आली. शब्द मालकाचा राहिला, पैसा कष्टकऱ्याचा झाला.

पुढच्याच महिन्यात चहामळ्यांची मजुरी २३२ वरून ३०१ रुपये झाली. मागणी ५०० ची होती, ती पुरी झाली नाही. तरी दर दिवशी ६९ रुपये वाढले, आणि तेही केवळ मुन्नारमध्ये नव्हे, राज्यभरातल्या चहामळ्यांत. त्याच वर्षीच्या स्थानिक निवडणुकीत या संघटनेच्या काही बाया निवडूनही आल्या.

पेट्टिमुडीची रात्र

राजमलाच्या पलीकडे पेट्टिमुडी आहे. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री अतिवृष्टीत तिथला डोंगर खाली आला आणि लयमच्या रांगा झोपलेल्या माणसांसह गाडल्या गेल्या. ७० माणसे गेली. काहींचे देहही सापडले नाहीत. वीज नव्हती, फोन बंद होते. बाहेर बातमी पोहोचायला सकाळ उजाडली. दुसऱ्याच दिवशी कोळिकोडला विमान अपघात झाला. राज्य सरकारने विमानातल्या मृतांच्या वारसांना १० लाख आणि पेट्टिमुडीच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर केले. मळ्यातल्या लोकांनी विचारले, आमचा जीव अर्ध्या किमतीचा का? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे २०१४ साली माळीण आणि २०२३ साली इर्शाळवाडी अशीच गाडली गेली. डोंगर कोसळतो तेव्हा तो जात विचारत नाही हे खरे. पण डोंगराच्या पायथ्याशी कोणाला राहावे लागते, हे मात्र आधीच ठरलेले असते.

मग मुन्नारला जाऊ नये का? जरूर जावे! मुलांना ताहर दाखवा, धुके दाखवा, मळ्यातून चालवा. रोपे तुडवू नका, कचरा टाकू नका. पाने खुडणाऱ्या बाईचा फोटो न विचारता काढू नका. ती देखावा नाही, कामावर असलेली कामगार आहे. तिथल्या तमिळ बाया थोरल्या बहिणीला 'अक्का' म्हणतात, आणि आपणही म्हणतो. तेव्हा भाषा येत नाही म्हणून अडून राहू नका. अक्का म्हणून हाक मारा, हात जोडा, दोन शब्द बोला. आणि परत आल्यावर मुलांना पाहिलेल्या धबधब्यांबरोबर त्या नऊ दिवसांच्या संपाचीही गोष्ट सांगा.