तरोटा

मृगाचा पाऊस पडला की बांधावर, पडीत जमिनीत, वाटेच्या कडेला एक झुडूप उगवते. त्याला कोणी पेरत नाही. त्याला कोणी पाणी घालत नाही. वऱ्हाडात आपण त्याला तरोटा म्हणतो. कोकणात त्यालाच टाकळा म्हणतात. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. माणसाच्या मात्र ते फार कामी येते.

अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके म्हणजे मेळघाट. तेथे कोरकू आदिवासींची वस्ती मोठी आहे. त्यांची शेती बहुतेक पावसावरची. आषाढात घरातले धान्य सरत येते. नवे पीक अजून हाती यायचे असते. नाल्याला पूर आला की बाजाराची वाट बंद होते. अशा वेळी रानभाजी घर सांभाळते. तरोटा ही त्यातलीच एक भाजी.

1993 साली मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी देशभर पोचली. कुपोषणाने पोरे दगावत होती. पालेभाजीत लोह असते, चुना असतो. नुसत्या भाजीने कुपोषण जात नाही. भाकर, डाळ आणि दवाखाना हवाच. पण भाकरीसंगे हिरवी भाजी मिळाली, तर पोराच्या अंगाला तेवढा आधार होतो.

भाजी करायची ती कोवळ्या पानांची. झाड मोठे झाले की पाने कडू लागतात. शेंडे खुडावेत, धुवावेत, बारीक चिरावेत. कांदा, लसूण, मिरची फोडणीला टाकावी. भिजवलेली डाळ घालून भाजी शिजवावी. ज्वारीच्या भाकरीसंगे ती गोड लागते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. तरोट्यासारखेच दिसणारे दुसरे एक झुडूप आहे. त्याला कासविंदा किंवा रानटाकळा म्हणतात. त्याच्या बिया विषारी असतात. 2016 साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात पुष्कळ आदिवासी मुले दगावली. काही मुले मेंदूज्वराने गेली. पण बऱ्याच मुलांचा जीव या बियांनी घेतला, असे तपास करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले.

मग दोन्ही ओळखायची कशी? पाने पाहा. तरोट्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात. पान टोकाला गोल असते. कासविंद्याला चार-पाच जोड्या असतात आणि पान टोकदार असते. शेंगा पाहा. तरोट्याची शेंग बारीक, लांब, वाकडी असते. कासविंद्याची शेंग चपटी आणि रुंद असते. पोरांना रानातल्या कोणत्याही अनोळखी शेंगा खाऊ देऊ नका.

तरोट्याचे वाळलेले बी व्यापारी विकत घेतात. त्यापासून डिंकासारखी पूड बनते. रानातले असे गौण वनउपज गोळा करून विकण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने वनवासी लोकांना दिला आहे.

तरोटा ही गरिबाची भाजी, असे म्हणून काही जण नाक मुरडतात. आम्ही म्हणतो, ती जाणत्याची भाजी आहे. गावात जी आजी तरोटा ओळखते, तिच्यासंगे एकदा रानात जा. आधी ओळखा, मगच खुडा.