वडिलांची पेटी, मुलांची हत्यारे

हिंगोलीचा दसरा साऱ्या मराठवाड्यात गाजलेला आहे. रामलीला मैदानावरच्या गर्दीविषयी पुष्कळजण बोलतात. परंतु आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घराघरांतून हत्यारांची जी साधी पूजा होते तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या घरी त्या दिवशी ढेळजेत घोंगडी अंथरून वडिलांची पेटी रिकामी केली जाते. वाकस, करवत, रंधा, पटाशा, गिरमिट, अंबूर, कानशी, ओळंबा, काटकोन आणि इंजिनाचे पाने असे सारे ओळीने मांडतात. अलीकडे त्या ओळीच्या शेवटी मुलाचे बॅटरीवर चालणारे ड्रिल, कापण्या-घासण्याचे विजेचे यंत्र आणि मल्टिमीटर येऊन बसले आहेत. हळदीकुंकू सर्वांना सारखेच लागते. पण ही दोन कुटुंबे एकमेकांशी बोलत नाहीत, असे आम्हांला दर वर्षी वाटते. ती का बोलत नाहीत, याचा उलगडा करण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम वडिलांच्या पेटीचा विचार करू. ज्या काळी आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्या काळी औत, तिफण, वखर ही मोठी कामे गावचा सुतार-लोहार बलुत्यावर करी. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे वर्णन आहे. परंतु प्रत्येक लहान कामासाठी सुताराचे दार ठोठावणे शक्य नसे. कुऱ्हाडीचा दांडा बसवणे, दाराची फुगलेली फळी घासणे, बाजेचा निखळलेला पाय ठोकणे ही कामे घरधनी स्वतः करी. घर माळवदाचे, तुळया-खांब लाकडाचे, दारे सागाची, दांडे बाभळीचे. अर्थात पेटीही लाकडाची सेवा करणारीच असायची. पुढे विहिरींवर ऑइल इंजिने आली आणि पेटीत पान्यांची भर पडली.

मुलांचे घर निराळे आहे. ते पुण्याला किंवा संभाजीनगरला सदनिकेत राहतात. तेथे भिंत काँक्रीटची. तिच्यात खिळा ठोकू गेल्यास खिळाच वाकतो. म्हणून फिरता फिरता ठोके देणारे ड्रिल हवे. फर्निचर प्लायवूडचे किंवा भुशाच्या दाबलेल्या फळीचे. त्याच्या गुळगुळीत पृष्ठावर रंधा फिरवला तर काम सुधारत नाही, बिघडते. पंप विजेचा, त्यामुळे पान्याच्या जोडीला टेस्टर आणि मीटर. तात्पर्य, मुलांनी वडिलांची हत्यारे टाकली ती आळसाने टाकली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हत्यार भिंतीच्या आणि फळीच्या मागे जाते. भिंत बदलली, हत्यार बदलले.

दुसरा फरक मापाचा. आमच्या आजोबांच्या बोलण्यात गज आणि तसू असत. चोवीस तसूंचा एक गज. वडिलांच्या हाती इंची पट्टी आली. आपल्या देशात दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. तरीही सुतारकामात इंच आणि सूत टिकून राहिले. आठ सुतांचा एक इंच; ‘दोन सूत कमी कर’ म्हटले की मिस्त्रीला सव्वासहा मिलिमीटरचा हिशेब करावा लागत नाही. मुलाला मात्र सूत म्हणजे दोरा एवढेच ठाऊक.

हा फरक केवळ शब्दांचा नाही, हे आम्हांला नुकसान सोसून कळले. इंग्लंडमध्ये व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे एक ठरावीक माप सुचवले आणि इंची पद्धतीचे नटबोल्ट आपल्याकडेही रूढ झाले. पुढे १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या मोटारसायकली रस्त्यावर आल्या. त्यांचे नट मिलिमीटरचे. मुलाच्या गाडीचा १२ मिलिमीटरचा नट आम्ही वडिलांच्या अर्ध्या इंची पान्याने काढू गेलो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पाना बसल्यासारखा वाटला, जोर दिला आणि नटाचे सहाही कोपरे गोल झाले. उण्यापुऱ्या पाऊण मिलिमीटरने आमची अब्रू घेतली. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मिलिमीटरच्या पान्यांचा संच आणून पेटीशेजारी ठेवला.

पुढची चूक मुलाची. पावसाळ्यात ढेळजेचे दार फुगले. त्याने आजोबांचा रंधा काढला. पाते बोथट होते. विजेच्या यंत्राच्या चाकावर त्याने ते धरले. ठिणग्या उडाल्या, धार झाली, परंतु पात्याच्या टोकाला सुंदर निळी झाक आली. दाराचा एक हात घासून होतो न होतो तोच धार गेली. पुन्हा घासली, पुन्हा गेली.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. पोलाद तापवून एकदम पाण्यात थंड केले की ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. यालाच आपले लोहार पाणी देणे म्हणतात. जुन्या साध्या पोलादाचे पाते घासताना सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की निळे पडते, आणि जेथे निळे पडले तेथले पाणी उतरते. मग धार दिसते, टिकत नाही. वडील निसण्यावर पाणी शिंपडून, पाते साधारण पंचवीस-तीस अंशांच्या कलाने धरून सावकाश घासत. कोन याहून लहान केला तर धार तुटते, फार मोठा केला तर लाकडात शिरत नाही. त्यांचा सावकाशपणा हा स्वभाव आहे, असे आम्ही समजत होतो. ते पोलादाचे ज्ञान होते.

याच्या उलट उदाहरण करवतीचे. वडिलांची करवत कानशीने पुन्हा पुन्हा दात पाडून, ते एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवून, पंचवीस वर्षे चालली. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ करवतींचे दात कारखान्यात इतके कठीण केलेले असतात की कानस त्यांवरून घसरते. त्या फार दिवस धार धरतात. पण बोथट झाल्या की टाकून द्यायच्या. येथे मुलाला ‘धार लावून वापर’ असा उपदेश करणे निरर्थक आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वडिलांच्या पेटीला घरातील मुलींचा हात कधी लागला नाही; तशी कोणी बंदी घातली नव्हती, पण तशी रीतही नव्हती. आमच्या मुलीने पुण्याच्या घरात फडताळे स्वतः बसवली. ड्रिलला दंडाचा जोर कमी लागतो हे त्याचे एक कारण. कोणाला विचारावे लागले नाही हे दुसरे. जुन्याचे गोडवे गाताना हा जमाखर्च विसरता कामा नये.

मग वारसा कशाला म्हणावे? आम्ही वडिलांची पेटी जपली, तिला तेल लावले, दर वर्षी कुंकू वाहिले; पण धार कशी लावावी हे त्यांच्याकडून कधी शिकून घेतले नाही. ते गेले तेव्हा लोखंड घरात राहिले आणि विद्या निघून गेली. म्हणून नातवाच्या हातून पाते निळे पडले. त्यात त्याचा दोष आहेच, पण मधल्या पिढीचा, म्हणजे आमचा, दोष त्याहून मोठा आहे.

शेवटी एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. त्याने निळा भाग हळूहळू, पाण्यात बुडवत घासून काढला आणि नवी धार दिली. पाते दोन सूत लहान झाले. या वेळी मुलगा आणि मुलगी दोघेही शेजारी बसून पाहत होती. मुलीने कोन मोजला, मुलाने निसणा धरला. आम्हीही त्या दिवशी प्रथमच शिकलो.

श्रोत्यांना आमची विनंती एवढीच, की ज्यांचे वडील आहेत त्यांनी पुढच्या खंडेनवमीची वाट न पाहता त्यांच्याजवळ बसावे आणि एक तरी हत्यार त्यांच्या देखत धारेला लावावे. आणि वडिलांनीही मुलाचे यंत्र एकदा हाती घेऊन, ते कसे चालते हे त्याला विचारावे.