मशेरीला घरात कुणी व्यसन म्हणत नाही

तव्यावर तंबाखू टाकायची, ती करपून काळी पडली की कुस्करून डबीत भरायची आणि सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळत बसायचे. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत बायकांचा हा रोजचा नेम आहे. ‘घरात कुणाला व्यसन आहे का?’ असे विचारले, तर अशा घरातून बिनदिक्कत ‘नाही’ असे उत्तर येते. ‘मशेरी लावता का?’ असे विचारले, की मात्र ‘ती लावतेच की!’ व्यसन म्हणजे दारू, फार तर सिगारेट. मशेरी म्हणजे दात घासणे.

२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेतात. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे जेमतेम ३.८ टक्के आणि धूर न काढता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे दारावर ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी लावून आपल्याकडचे घर तंबाखूमुक्त होत नाही. तंबाखू असते ती चंचीत, पानाच्या डब्यात आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर.

ती तिथून हलत नाही, याला निकोटिनइतकीच माणसांची नातीही कारणीभूत आहेत. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यामागून पानाचा डबा पुढे येतो. तो न ठेवणे म्हणजे आदरातिथ्यात कसूर. बांधावर, पारावर, एसटीच्या थांब्यावर अनोळखी माणसाकडे चुना मागता येतो आणि तेवढ्यावर गप्पा जुळतात. मळलेल्या तंबाखूची चिमूट नाकारणाऱ्याला ‘मोठा झाला’ असे ऐकावे लागते. सासऱ्यांना ‘घरात विडी ओढू नका’ म्हणण्याची सुनेची प्राज्ञा नसते. मग मुलाला ताप असो की खोकला, ती त्याला घेऊन आतल्या खोलीत जाते. तंबाखूची पुडी आणायला टपरीवर पाठवतात तेही बहुधा घरातल्या पोरालाच. १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे २००३च्या कायद्याने गुन्हा आहे, पण आजोबांचे काम म्हटल्यावर कायदा कोण विचारतो?

मशेरीची गोष्ट आणखी अवघड आहे, कारण ती औषध म्हणून घरात शिरते. दाढ दुखली, लाव मशेरी. पोट साफ होत नाही, लाव मशेरी. गरोदरपणात मळमळते, तरी तोच सल्ला. निकोटिनने काही काळ बधिरता येते आणि आतड्यांची हालचालही वाढते, त्यामुळे गुण आल्यासारखा वाटतो. दात किडलेलाच राहतो आणि मुलीला सवय लागते. आईकडून, आजीकडून आलेली ही चीज वाईट कशी असेल, हा प्रश्न त्या घरात खरोखरच अवघड असतो.

तिची किंमत मात्र मोजली गेली आहे. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली होती. मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही या स्त्रियांत बरेच जास्त होते. निकोटिन वारेतून गर्भापर्यंत पोचते, नंतर अंगावरच्या दुधातही उतरते.

धुराचे म्हणाल, तर ‘मी गॅलरीत जाऊन ओढतो’ हा युक्तिवाद फारसा टिकत नाही. धूर उघड्या दारा-खिडक्यांतून परत येतो. पडद्यांवर, गाद्यांवर, कपड्यांवर त्याचा थर बसतो, आणि रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते. न ओढणाऱ्यालाही धूर बाधतो, हे जपानमध्ये हिरायामा यांनी १९८१मध्येच दाखवले होते. स्वतः न ओढणाऱ्या, पण नवरा ओढतो अशा स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले.

सोडायचे कसे? दटावून कुणी सोडत नाही. लपून लावायला लागते, एवढेच. आजी-आजोबांना नातवाचा खोकला दाखवून डॉक्टरांनीच सांगितले, तर सुनेवरचा भार हलका होतो. तंबाखू घरी भाजणे बंद झाले, तरी सकाळची पहिली वेळ टळायला मदत होते. त्या वेळी हाताला दुसरे काही लागतेच: ब्रश, लवंग, बडीशेप. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड आणि डोकेदुखी सर्वांत जास्त असते. दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते. बद्धकोष्ठ झाले की ‘मशेरी सोडली म्हणून झाले’ असे म्हणत अनेकजणी परत फिरतात. त्यासाठी पाणी, पालेभाजी आणि गरज पडल्यास डॉक्टरांचे औषध पुरते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर समुपदेशन मोफत मिळते. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी दंतवैद्याला दाखवावी.