विद्यापीठाच्या पायऱ्या आणि अपंग विद्यार्थी

आमच्या महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीला पाच पायऱ्या आहेत. आमच्या घराण्यात त्या चढणारा मी पहिला. पहिल्या दिवशी छाती धडधडत होती, ती आपल्याला कोणी हटकील या भीतीने. पायऱ्या किती उंच आहेत हे तेव्हा पाहिलेच नाही. पुढे तिथेच शिकवू लागलो आणि वस्तीतून तीनचाकी सायकलवर येणाऱ्या एका विद्यार्थ्यामुळे ते दिसले.

त्याच्या दोन्ही पायांत बळ नव्हते. सायकल पायऱ्यांपाशी थांबे, दोन मित्र त्याला पाठीवर घेऊन वर्गात आणीत. शिष्यवृत्तीची खिडकी पहिल्या मजल्यावर, तिथेही पाठीवरच. संडासात त्याला जाता येत नसे, म्हणून सकाळपासून तो पाणीच पीत नसे. हे त्याने फार उशिरा सांगितले. मी विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "पोरं नेतात की उचलून! अडचण कुठे आहे?" दुसऱ्या वर्षी त्याने नाव काढून घेतले. दाखल्यावर कारण लिहिले गेले : घरगुती.

त्या दोन मित्रांविषयी मला आदरच आहे. पण ही व्यवस्था आपल्या वाचकांना ओळखीची वाटावी. विहिरीपासून दूर उभे राहायचे आणि कोणी दयाळू माणूस वरून ओंजळीत पाणी ओतील याची वाट पाहायची. पाणी मिळते, पण ओतणारा येईल तेव्हा. बोले ठराव १९२३ साली मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यात उतरेपर्यंत ते बंदच होते. जात आणि अपंगत्व एकच, असे मला म्हणायचे नाही. जातीला धर्मशास्त्राचा आधार होता. पायरीच्या मागे बहुधा बांधणाऱ्याचा विसर असतो. मात्र विसर नेमका कोणाचा पडतो, यालाही हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये २.४५.

कागदावर आज बरेच काही आहे. २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा अपंगांसाठी राखल्या. अट ४० टक्के अपंगत्वाची. सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, नुसती मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी नाहीत, किमान मानके बंधनकारक हवीत. (याच काळात सरकारने 'अपंग' हा शब्द सोडून 'दिव्यांग' धरला. 'हरिजन' म्हणवून घेण्याचा अनुभव असलेल्यांनी यावर काय बोलावे? अनेक अपंग कार्यकर्त्यांनीही हा शब्द नाकारला आहे. म्हणून मी साधा शब्द वापरतो.)

आता उताराचे गणित पाहू. सर्वमान्य मान १ ला १२ असे आहे : एक हात उंची चढायला बारा हात लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या पाच पायऱ्या म्हणजे पाऊण मीटर उंची. उतार हवा नऊ मीटरचा, दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली खुर्ची वळवायला सपाट जागा. आमच्याकडे तपासणी समिती येणार म्हणून आठवड्यात उतार बांधला गेला, तीन मीटरचा. त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही आणि उतरताना उलटते. हल्ली त्यावरून मोटारसायकली मात्र झोकात चढतात. संडासाचे दार नव्वद सेंटिमीटरचे हवे, आणि ते बाहेर उघडणारे. शिवाय उतार म्हणजे सारे काही नव्हे. आंधळ्या विद्यार्थ्याला पायऱ्यांची अडचण फारशी नसते. त्याला नडते ते उघडे गटार, वाटेत लावलेल्या गाड्या आणि हाताला न लागणारे खोलीचे क्रमांक.

हे कोणी कृपा म्हणून दिले, असे कुठेच घडलेले नाही. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात १९६२ साली एड रॉबर्ट्स दाखल झाला. पोलिओमुळे तो रात्री लोखंडी श्वासयंत्रात झोपे. ते वसतिगृहात ठेवता येईना, म्हणून त्याला विद्यापीठाच्या इस्पितळात राहावे लागले. मग तिथेच आणखी अपंग विद्यार्थी जमले आणि त्यांची चळवळ झाली. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी अपंगांना वगळू नये, असा कायदा तिथे १९७३ साली झाला. नियमांवर सही मात्र चार वर्षे होईना. एप्रिल १९७७ मध्ये शंभरावर अपंग माणसे सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शिरली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथेच राहिली. त्यांना रोज गरम जेवण पोचवले ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने जिच्यावरून नाव घेतले, तीच ही संघटना. तिचा ब्रॅड लोमॅक्स हा कार्यकर्ता चाकाच्या खुर्चीत बसून आतच होता. सही झाली.

आपल्याकडच्या शिक्षकांना काही गोष्टी बिनपैशांत करता येतात. वर्ग तळमजल्यावर घेणे, शिष्यवृत्तीची खिडकी खाली आणणे, परीक्षेची बैठक वरच्या मजल्यावर न लावणे. नव्या इमारतीचा नकाशा मंजूर होताना उतार विचारणे, कारण सुगम नसलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे त्याच कायद्यात आहे.

यंदा मी अर्ज दिला : आमच्या विभागाचे वर्ग खाली द्यावेत आणि उतार नऊ मीटरचा करावा. अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, "असा विद्यार्थी सध्या पटावर नाही."