पेटी आपली, किल्ली कोणाची?

पवईतल्या एका कार्यालयात मी वाय-फायचं काम पाहत होतो. एका सोमवारी सकाळी फॉल्स सीलिंगला लावलेल्या सगळ्या एपींचे, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंट पेट्यांचे, हिरवे दिवे नारिंगी झाले. पेट्या शाबूत, केबल शाबूत, वीज सुरू. संपली होती ती लायसन्सची मुदत. रिन्यूअल होईपर्यंत लोक मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करत बसले. एकदा पैसे मोजले की पेटी आपली, असं सगळे धरून चालले होते. क्लाउडवरून चालणाऱ्या काही एपींचं तसं नसतं. लायसन्स संपलं की ते थांबतात, आणि ही अट कराराच्या बारीक अक्षरांत असते.

त्याहून खोलवर रुजलेला गैरसमज पेटीवरच्या वाय-फायच्या शिक्क्याबद्दलचा. शिक्का आहे, म्हणजे उद्या एका कंपनीच्या जागी दुसरीची पेटी सहज बसेल, असं खरेदी करणाऱ्यांना वाटतं. शिक्का खरा असतो, पण तो हवेतल्या संभाषणापुरता. फोन आणि एपी एकमेकांशी कसे बोलतील, हे 1997 साली आलेल्या आयईईई 802.11 या मानकाने ठरवलं, म्हणून कोणाचाही फोन कोणाच्याही एपीला जोडला जातो. एपी आणि त्याला हुकूम देणारा कंट्रोलर यांच्यातलं बोलणं मात्र त्यात येत नाही. त्यासाठी 2009 साली कॅपवॅप नावाचा खुला प्रोटोकॉल आला. कंपन्यांनी त्यात आपापली भर घातली, आणि एकीचा एपी दुसरीच्या कंट्रोलरखाली चालवणं व्यवहारात जमेनासं झालं. म्हणून कंपनी बदलायची, तर बहुधा छताला लावलेल्या साऱ्या पेट्या उतरवाव्या लागतात.

जिथे मानक पाळलं जातं, तिथे काय घडतं हे पवईतच पाहता येतं. आयआयटी मुंबईच्या आवारात ‘एज्युरोम’ ही विद्यापीठांची सामायिक वाय-फाय व्यवस्था आहे. या व्यवस्थेतल्या परदेशी विद्यापीठातली संशोधक इथे येऊन लॅपटॉप उघडते, तेव्हा तिची ओळख पटवण्याची विनंती ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरांच्या साखळीतून तिच्या विद्यापीठापर्यंत जाते. पासवर्ड तिथेच तपासला जातो, होकार परत येतो आणि ती जोडली जाते. इथला एपी एका कंपनीचा, तिथला सर्व्हर दुसऱ्या कुणाचा, तरी अडत नाही. ओळख तपासण्यासाठीची 802.1एक्स आणि रेडियस ही दोन्ही मानकं खुली आहेत. भारतात ही सेवा अर्नेट ही संस्था चालवते.

‘सगळ्यांना वाचता येतं ते चोरालाही वाचता येतं,’ हे वाक्य खुल्या मानकांच्या विरोधात मी बैठकांत अनेकदा ऐकलं आहे. 2017 साली बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या मॅथी व्हॅनहूफ यांनी वाय-फायची सुरक्षा सांभाळणाऱ्या डब्ल्यूपीए2 मधली क्रॅक ही त्रुटी उघड केली. दोष एखाद्या कंपनीच्या पेटीत नव्हता, मानकातच होता, आणि 2004 पासून तिथेच पडून होता. म्हणजे खुलेपणा एकटा पुरत नाही, कोणीतरी बसून वाचावंही लागतं. पण वाचता आलं म्हणूनच दोष सापडला, कंपन्यांना आधी कळवता आलं आणि दुरुस्त्या निघाल्या. ज्यांच्या उपकरणांसाठी नवं फर्मवेअर देणं कंपनीने आधीच बंद केलं होतं, ते तसेच राहिले.

मानकं परदेशातच ठरतात, हेही खरं नाही. आयआयटी मुंबईने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पातून पालघरच्या खेड्यांत ब्रॉडबँडचे प्रयोग केले. तिथेच प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागाला परवडेल अशी, मोबाईलचे मनोरे आणि वाय-फाय एकत्र गुंफणारी रचना आकाराला आली. आयईईईचं 2061-2024 हे मानक त्याच कामातून आलं.

त्या सोमवारनंतरच्या टेंडरमध्ये आम्ही तीन प्रश्न घातले. लायसन्स संपल्यावर एपी चालू राहील का? फर्मवेअर किती वर्षं मिळेल? आमची सेटिंग्ज आम्हाला वाचता येतील अशा फाइलमध्ये बाहेर काढता येतील का? उत्तरं लेखी आणि सहीनिशी मागितली. एका विक्रेत्याने पहिल्या प्रश्नासमोरची जागा कोरी ठेवली. त्याची किंमत सर्वात कमी होती, तरी त्याची बोली आम्ही बाजूला ठेवली.