कोठडीतला खटला

न्यायालय आणि रंगभूमी यांचे सख्य जुने आहे. न्यायासन, साक्षीदाराचा पिंजरा, वकिलांची जुगलबंदी आणि निकालाची उत्कंठा ही सामग्री नाटककाराला आयतीच लाभते. परंतु दूरचित्रवाणीच्या आरंभकाळी, जेव्हा पडदा लहान आणि चित्र कृष्णधवल असे, बहुतेक नाट्यप्रयोग थेट प्रक्षेपित होत आणि चुकलेले वाक्य पुन्हा घेण्याची सोय नसे, तेव्हा गजबजलेला इजलास त्या चौकटीत नेला की ज्यूरीचे चेहरे ओळखू येईनासे होत, आणि प्रेक्षागृहात एकमेकांच्या संसर्गाने उसळणारे हसू घरातल्या दोन-चार माणसांत विरून जाई.

या अडचणीतून निघण्याची मार्मिक वाट जॉन मॉर्टिमर या इंग्रज बॅरिस्टर-नाटककाराच्या ‘द डॉक ब्रीफ’ या प्रहसनात दिसते. १९५७ मध्ये ते बीबीसीच्या नभोवाणीवर आणि त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर सादर झाले. रंगमंचावर ते १९५८ मध्ये आले. वकील नसलेल्या आरोपीने न्यायालयात हजर असलेल्या बॅरिस्टरांपैकी एकाची निवड करावी आणि त्याने अल्प मेहनतान्यात वकीलपत्र घ्यावे, असा तेथील शिरस्ता होता. त्या शिरस्त्याने, जन्मभर अशिलाची वाट पाहत झिजलेला मॉर्गनहॉल हा बॅरिस्टर, पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या फाउलच्या कोठडीत येतो. फाउलला गुन्हा कबूल करून मोकळे व्हायचे आहे. मॉर्गनहॉलला मात्र खटला गाजवायचा आहे. मग दोघे मिळून तालीम करतात, आणि पक्ष्यांचे दाणे विकणारा तो गरीब आरोपी आपल्या वकिलाच्या समाधानासाठी न्यायाधीशही होतो, साक्षीदारही होतो. प्रत्यक्ष सुनावणी प्रेक्षकाला दिसतच नाही. मॉर्गनहॉलची वाचाच बसली हे मागाहून कळते, आणि बचाव इतका निकृष्ट झाला म्हणूनच फाउलची फाशी टळते.

दोन नट आणि एक खोली एवढाच हा संसार असल्यामुळे, मायकेल हॉर्डर्नने साकारलेल्या मॉर्गनहॉलच्या मुद्रेवरील आशा आणि तिच्यामागची भीती कॅमेऱ्याला जवळून टिपता येत होती. रूपांतरकाराने पाहावे ते हेच: न्यायालयीन विनोदाचा प्राण इजलासाच्या थाटात नसून, त्या थाटापुढे उभ्या राहणाऱ्या दुबळ्या माणसाच्या प्रतिष्ठेच्या धडपडीत आहे, आणि ती धडपड शाबूत राखली तर बाकीचा सारा सरंजाम खुशाल टाकून देता येतो.