आरपीएम चढतात, गाडी पळत नाही

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम झपकन चढतात, पण वेग वाढत नाही, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप होतोय असं समजा. डिझेल पिकअपचा टॉर्क दांडगा, म्हणून भार ओढताना हे आधी जाणवतं. लगेच गिअरबॉक्स खोलायला देऊ नका. आधी ऑइल बघा. 1990 च्या दशकाअखेरच्या कमिन्स इंजिनवाल्या डॉज रॅममध्ये ते गरम असताना, इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये मोजतात. डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसा. लालसर दिसलं तर बरं. काळपट आणि जळका वास असेल तर बहुधा क्लच प्लेट्स जळाल्यात. ऑइल ठीक असेल तर थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल तपासा. ती सैल पडली की ऑइलचा दाब घटतो, प्लेट्स घट्ट धरत नाहीत. केबल जुळवणं किरकोळ काम. तसंच चालवत राहिलात तर मात्र धडक्या प्लेट्सही जळतात.